मागच्या भिंतीचं लाकूड

रविवारी सकाळी तिने धाकट्याची तीनचाकी धुवायला घेतली. चाकांत चिखल अडकला होता. सायकल उलटी करून ती पाण्याची नळी लावणार, तेवढ्यात सीटखालच्या पोकळीत काहीतरी हललं. वाटाण्याएवढं काळं पोट, नुकतंच पॉलिश केल्यासारखं चकचकीत. लांब बारीक पाय. पोटावर लाल डाग, नखांना लावायच्या रंगाचा थेंब सांडावा तसा.

पाचच मिनिटांपूर्वी धाकटा त्या सीटवर बसून अंगणात फेऱ्या मारत होता. दीड वर्षाचा जीव, उतरताना दोन्ही हातांनी सीटची कड पकडायचा. बोटं आतल्या बाजूला जायची. तिने ते रोज पाहिलं होतं आणि कौतुकच केलं होतं.

लाल डागाचा कोळी विषारी असतो, एवढं तिला ठाऊक होतं. ती ओरडली नाही. ती डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवायचा तर हात हलून चालत नाही, आणि त्या दिवशीही तो हलला नाही. स्वयंपाकघरातून तिने रिकामी काचेची बरणी आणली, काडीने कोळ्याला अलगद आत पाडलं आणि झाकण फिरवलं. मग धाकट्याला उचलून घरात नेलं, त्याचे कपडे उतरवले आणि खिडकीच्या उजेडात त्याच्या बोटांच्या बेचक्या, मांड्या, कानामागचा भाग बघितला. काही नव्हतं. त्याला गुदगुल्या झाल्या, तो हसत सुटला. तेव्हा कुठे ती पलंगावर टेकली.

नवरा आतल्या खोलीत कंपनीचा गणवेश इस्त्री करत होता. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम. शहरात कुणीही दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की फोन त्याच्या खिशात वाजायचा, त्यामुळे घरातल्या कुठल्याही गोष्टीने त्याची धांदल उडत नसे. त्याने बरणी डोळ्यांसमोर धरली.

"लाल आहे खरं," तो म्हणाला. "फवारणीवाल्याला बोलावतो."

"कधी?"

"उद्या-परवा. अगं, एक कोळी आहे."

"एक दिसलाय," ती म्हणाली.

फवारणीवाला मंगळवारी आला. पन्नाशीचा, शांत, पाठीवर टाकी. त्याने आधी बरणी बघितली, मान डोलावली आणि टाकी उतरवून ठेवली. "आधी घर दाखवा," म्हणाला. विजेरी आणि एक काठी घेऊन तो अंगणात फिरला, आणि ती त्याच्या मागोमाग. जिथे तो थांबला तिथे तिला आधी काहीच दिसायचं नाही. मग विजेरीचा झोत तिरका पडला की दिसायचं. मीटरच्या पेटीखाली, झारीच्या तोटीत, गटाराच्या झाकणाच्या कडेला, सगळीकडे विस्कटलेलं, कसलाच आकार नसलेलं जाळं. त्याने काठी फिरवली की ते कागद फाटल्यासारखं तडतडायचं.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "साध्या कोळ्याचं जाळं आवाज करत नाही. हिचं करतं. ही मादी. हिच्याच दंशाचं भ्यायचं."

मग तो घरामागे गेला आणि तिथे बराच वेळ उभा राहिला.

मागच्या भिंतीला लागून तिच्या सासऱ्यांचं लाकूड होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. चाळीस वर्षं सुतारकाम करून ते निवृत्त झाले, पण लाकूड काही निवृत्त झालं नाही. पाडलेल्या घरांची दारं, खिडक्यांच्या चौकटी, जिन्याचे कठडे, फळ्या, वासे. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुरुषभर उंच. प्रत्येक तुकड्यावर खडूने माप लिहिलेलं. पावसापासून वाचवायला वर पत्रे टाकलेले.

फवारणीवाल्याने दोन फळ्यांच्या फटीत झोत टाकला आणि तिला वाकायला सांगितलं. आत वाळक्या बोरांसारखे पिवळट गोळे लटकत होते. चार. पाचवा जरा आत.

"अंडी," तो म्हणाला. "एकेका गोळ्यात शंभर, दोनशे, कधी जास्त. सगळी काही जगत नाहीत."

"फवारा मारा," ती म्हणाली.

"मारतो. पण धंद्याचं नुकसान करून खरं सांगतो, ताई. औषध अंगावर पडलं तर मरतात. फटीत बसलेल्यांचं काही होत नाही. झुरळासारखे हे जमिनीवर फिरत नाहीत की पायाला औषध लागावं. हा ढीग इथे आहे तोवर मी दर महिन्याला येईन आणि तुम्ही दर महिन्याला मला बोलवाल."

त्याने एवढंही सांगितलं की ही मादी मागे लागून चावत नाही. दाबली गेली, हात आत गेला, बुटात पाय गेला, तरच. म्हणून कामाला जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या. बूट आपटून घालायचे. चावलीच तर जागा साबणाने धुवायची, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. बांधायचं नाही, कापायचं नाही. "आणि मूल असेल किंवा म्हातारं माणूस असेल, तर बघू म्हणायचं नाही," तो म्हणाला आणि टाकी पाठीला लावली.

अण्णा मागच्या पायरीवर बसून हे सगळं ऐकत होते. तो गेल्यावर ते म्हणाले, "चाळीस वर्षं लाकडात हात घालतोय मी. मला नाही कधी कुणी चावलं."

सासऱ्यांशी ती सहसा वाद घालत नसे. सासूबाई गेल्यापासून दुपारी मुलांना तेच बघत. त्यांच्या जिवावर तिची नोकरी चालली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवऱ्याने सांगितलं, येत्या रविवारी ढीग हलवू. तोवर पाच दिवस होते.

त्या पाच दिवसांत ती नीट अशी कुठे बसलीच नाही. सकाळी उठली की आधी मुलांच्या चादरी झटकायची. मग बूट. मग आंघोळीची बादली, टॉवेल, दप्तराचा पुढचा कप्पा. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. पलंगाखालचं सगळं सामान बाहेर आलं आणि पुन्हा आत जायला त्याला मुहूर्त मिळेना. जेवताना मध्येच उठून ती टेबलाच्या खालून हात न लावता बघून यायची. काम करता करता मानेवर केस आला की दचकायची. धाकट्याला तर तिने जमिनीवर सोडणंच बंद केलं. त्याला कडेवर घेऊनच ती भाजी चिरायची, आणि तो खाली उतरण्यासाठी तिच्या पोटात लाथा मारायचा.

थोरली मुलगी सहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. ती आईच्या मागे मागे फिरत होती आणि सगळं टिपून घेत होती.

"आई, तो रात्री माझ्या तोंडात आला तर?"

"नाही येत."

"तुला कसं माहीत?"

"माहीत आहे मला."

"मग तू माझी उशी तीनदा का झटकलीस?"

गुरुवारी शाळेतून फोन आला. भिंगरीच्या बाई आधी जरा हसल्या, मग गंभीर झाल्या. मधल्या सुट्टीनंतर भिंगरीने वर्गाबाहेर काढून ठेवलेले सगळ्या मुलांचे बूट एकेक करून भिंतीवर आपटले होते. छत्तीस जोड. कुणी थांबवायला गेलं तर रडायला लागली. आणि शाळेच्या संडासात ती सोमवारपासून गेलीच नव्हती. दिवसभर धरून ठेवत होती.

"घरी काही झालंय का?" बाईंनी विचारलं.

"घरी कोळी झालेत," ती म्हणाली, आणि हे किती वेड्यासारखं ऐकू येतंय हे तिचं तिलाच कळलं.

त्याच दुपारी लॅबमध्ये तिने वरच्या कवळीचे दोन्ही सुळे उलटसुलट बसवले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. अकरा वर्षांत अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती. लॅबचे मास्तर कवळी हातात घेऊन उजेडात गेले, परत आले आणि ती तिच्यासमोर ठेवून म्हणाले, "हे दात घालून माणूस हसला तर त्याची बायको घर सोडून जाईल. तू आज घरी जा."

रविवार आला. सकाळी सात वाजता नवऱ्याचा फोन वाजला. एका इस्पितळाची लिफ्ट बंद पडली होती. तो गणवेश चढवताना तिच्याकडे बघत नव्हता.

"पुढच्या रविवारी नक्की," तो म्हणाला.

तो गेला. ती मागच्या दारात उभी राहिली. अण्णा ढिगाजवळ उभे होते, एका चौकटीवरचा पुसट झालेला खडू पुन्हा गिरवत. आठवडाभर तिने जे गिळलं होतं ते वर आलं.

"अण्णा, हे लाकूड कशाला ठेवलंय?"

"लागतं."

"कशाला लागतं? बारा वर्षं मी या घरात आहे. यातली एक फळी बाहेर निघालेली मी बघितली नाही."

"चांगलं लाकूड आहे ते. असं आता मिळत नाही."

"त्यात अंडी आहेत. तुम्ही ऐकलंत ना तो काय म्हणाला ते? बाळ आता चालायला लागलंय. तुमचा डोळा लागला आणि ते इथवर आलं तर?"

"माझा डोळा लागत नाही."

"तुम्हाला लाकूड हवंय की नातवंडं, ते एकदा सांगा."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं. अण्णांनी खडू खिशात टाकला. ते आत गेले आणि दुपारी जेवायला आले तेव्हा ताटाकडे बघून जेवले. संध्याकाळी त्यांनी धाकट्याला घेतलं नाही. भिंगरीने गोष्ट सांगा म्हटलं तर, "आज नाही," म्हणाले.

सोमवारी ती कामावर गेली, पण लक्ष घरी. दर तासाला फोन करावासा वाटायचा आणि आदल्या दिवशीचं बोलणं आठवून हात मागे यायचा. शाळा अर्धाच दिवस होती, दुपारी मुलं अण्णांजवळच असणार होती. तीनला तिला राहवेना. मास्तरांना सांगून ती निघाली. बसमध्ये बसायला जागा होती तरी ती दाराजवळ उभीच राहिली.

घरी धाकटा पाळण्यात झोपला होता. मच्छरदाणी चारी बाजूंनी नीट खोचलेली. भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात उभी, एका पायावर, मग दुसऱ्या पायावर.

"आजोबा कुठेत?"

"मागे."

अण्णा पायरीवर बसले होते. त्यांच्यासमोर ढिगाचा चौथा हिस्सा मोकळा झाला होता. दारं एकावर एक रचून फाटकाजवळ नेऊन ठेवलेली. त्या वयात त्यांनी ती एकट्याने कशी उचलली असतील कोण जाणे. त्यांचा सदरा छातीवर कोरडा होता, पण डावा हात कोपरापासून खाली घामाने निथळत होता. बोटांच्या टोकांवरून थेंब पडत होते.

"अण्णा, काय झालं?"

"ऊन लागलं."

"इकडे सावली आहे."

"मघाशी होतं ऊन." ते उठायला गेले आणि पोट धरून पुन्हा खाली बसले. "जड उचललं जरा. पाठ भरून आलीय. चहा टाक, होईल ठीक."

ती आत गेली खरी, पण चहाचं आधण ठेवता ठेवता तिचं मन काही ऐकेना. जड उचलल्यावर घाम एकाच हाताला कसा येईल? भिंगरी अजून तशीच दारात उभी होती, फ्रॉकची कड चावत.

"आई," ती म्हणाली, "सांगू नको असं कुणी सांगितलंय, एवढंच सांगितलं तर ते सांगणं होतं का?"

तिने गॅस बंद केला.

"नाही होत. कुणी सांगितलंय?"

"आजोबांनी."

"काय सांगू नको म्हणाले?"

भिंगरीचे डोळे भरले. "मग ते सांगणं होईल ना."

ती मुलीसमोर उकिडवी बसली. आठवडाभर तिने या पोरीला नुसत्या सूचना दिल्या होत्या. तिच्यासमोर अशी बसली नव्हती. "बघ," ती म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून आजोबा तुझ्यावर रागावले, तर मी त्यांना सांगेन की मीच विचारलं. तू फक्त हात दाखव. कुठे?"

भिंगरीने स्वतःच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं.

"कधी?"

"बाळ झोपलं तेव्हा. आजोबांनी चपलेने मारला त्याला. मग म्हणाले, आईला सांगू नको, ती म्हणेल मी म्हटलं नव्हतं का."

बाळ दोनला झोपायचं, म्हणजे दोन तास होऊन गेले होते. तिने अण्णांसमोर जाऊन काही विचारलं नाही, थेट मनगट उलटं केलं. दोन बारीक ठिपके, भोवती लाल चकतं, तेवढ्याच भागावर केस ताठ उभे. त्यांनी हात ओढून घेतला नाही. ओढायची ताकदही दिसत नव्हती. तिने पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखं कडक.

"दुखतंय?"

"मांड्यांत गोळे येतायत," अण्णा कबूल झाले. "छातीत जरा आवळल्यासारखं होतंय."

मग तिच्याकडून सगळं भराभर झालं. मनगट धुतलं. बर्फ रुमालात बांधून दिला. शेजारची टॅक्सी चालवणारी बाई दुपारी घरी असायची. तिच्या दारावर तिने मुठीने ठोठावलं. झोपलेल्या धाकट्याला तसंच खांद्यावर टाकलं. भिंगरीच्या हातात दुधाची बाटली दिली. अण्णांना मागच्या सीटवर बसवताना त्यांचा एक पाय अचानक आखडला आणि ते इतके जोराने कण्हले की टॅक्सीवालीने मागे वळून बघितलं आणि सिग्नलची पर्वा न करता गाडी काढली.

रस्त्यात तिने नवऱ्याला फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला, "मी लिफ्टच्या शाफ्टमध्ये आहे, नंतर करतो."

"अण्णांना चावलाय," ती म्हणाली. "मोठ्या इस्पितळात नेतेय. तू शाफ्टमधून वर ये."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, पण ऐकून घेणाऱ्या. घामेजलेला एक हात, कडक पोट, दोन ठिपके, एवढ्यावर त्यांना कळलं. रक्तदाब वाढलेला होता. हृदयाचा आलेख काढला, वेदनेचं औषध दिलं, सलाईन लावलं.

"यातून माणसं बहुतेक बरी होतात," त्या म्हणाल्या. "पण काकांचं वय आहे, रक्तदाब आहे. दोन तास बघू. दुखणं आटोक्यात नाही आलं तर प्रतिविष देऊ. ते कधी कधी अंगावर उठतं, म्हणून विचार करून देतो."

ते दोन तास तिने व्हरांड्यात येरझारा घालून काढले. व्हरांडा अठ्ठेचाळीस पावलं होता. धाकटा जागा झाला, दूध प्यायला, खाली उतरायला हट्ट करू लागला. तिने फरशीकडे बघितलं, भिंतीच्या कोपऱ्यांकडे बघितलं, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याला खाली सोडलं. तो धावला. ती त्याच्या मागे. पडद्याआडून अण्णांचं कण्हणं यायचं आणि थांबायचं, आणि थांबलं की जास्त भीती वाटायची.

भिंगरी बाकावर पाय वर घेऊन बसली होती.

"मी सांगितलं म्हणून आजोबांना सुई टोचली का?" तिने विचारलं.

"तू सांगितलंस म्हणून ते इथे आहेत. नाहीतर अजून पायरीवर बसले असते."

"पण तू रागावलीस म्हणून ते लाकूड उचलायला गेले."

हे पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. "हो," ती म्हणाली. "ते पण खरं आहे."

सहा वाजता प्रतिविष दिलं. तोवर नवरा येऊन पोचला होता, कोपरापर्यंत ग्रीस, गणवेशाची एक बाही फाटलेली. त्याने मुलं ताब्यात घेतली. बायकोकडे बघून तो काहीतरी बोलणार होता, पण तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तो म्हणाला, "मी काल जायला नको होतं." ती म्हणाली, "इस्पितळाची लिफ्ट होती." दोघंही एवढंच बोलली. त्याने धाकट्याला खांद्यावर बसवलं आणि भिंगरीला पाणी प्यायला घेऊन गेला.

तासाभराने अण्णांच्या मांड्या सैल पडल्या. नर्सने तिला आत बोलावलं. ते उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला, पण डोळे त्यांचे नेहमीचे.

"हातमोजे का नाही घातले?" तिने विचारलं. "हुकालाच अडकवून ठेवले होते मी."

"मोजे घातले की लाकूड कळत नाही हाताला."

"लाकूड कळायचं नव्हतं, अण्णा. फेकायचं होतं."

ते जरा हसल्यासारखे झाले.

"संध्याकाळपर्यंत अर्धं तरी उरकायचं होतं," ते म्हणाले. "तू आलीस की बघशील आणि मी म्हणेन, बरोबर होतीस तू. मला ते माझ्या तोंडाने सांगायचं होतं. त्या कोळ्याने आधीच सांगून टाकलं."

"मी तसं बोलायला नको होतं."

"तसंच बोलायला हवं होतं. विचारलंस ना, कशाला ठेवलंय?" त्यांनी डावा हात चादरीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. "कशालाच नाही. काही बांधायचं नव्हतं मला. माप लिहायचं, पुसलं की परत लिहायचं. ढीग आहे तोवर मी सुतार. ढीग गेला की मी आपला पायरीवर बसणारा म्हातारा."

नाही हो अण्णा, असं म्हणता आलं असतं, पण ते दोघांनाही खोटं वाटलं असतं. तिने बर्फाचा ओला रुमाल पिळला आणि पुन्हा त्यांच्या मनगटावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी अण्णा घरी आले. हात दोन आठवडे ठणकत राहिला, मग ठणका गेला आणि नुसती खाज उरली.

लाकूड पुढच्या रविवारी हललं. नवऱ्याने फोन बंद करून कपाटात ठेवला, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. अण्णांच्या हाताखाली शिकलेला एक सुतार आता स्वतःचं दुकान चालवायचा. तो टेम्पो घेऊन आला. जाड हातमोजे, पूर्ण बाह्या, पायांत गमबूट. अण्णा फाटकाजवळ खुर्चीवर बसून कुठली फळी आधी काढायची ते सांगत होते. हात लावायची त्यांना सक्त मनाई होती आणि ती मोडण्याचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला. दर फळीला ती विजेरी टाकायची, काठीने जाळं गुंडाळायची, मादी सापडली की बुटाखाली चिरडायची. गोळे चिमट्याने पिशवीत टाकून, पिशवीवरूनच ठेचून, तोंड बांधून कचऱ्यात. संध्याकाळपर्यंत अकरा माद्या निघाल्या. गोळे मोजणं तिने मध्येच सोडून दिलं.

टेम्पो भरून निघाला तेव्हा शिकून बाहेर पडल्याला वीस वर्षं झालेला तो सुतार अण्णांच्या पाया पडल्यासारखा वाकला आणि म्हणाला, "यातल्या अर्ध्या मालाला कुठे कसा रंधा मारायचा ते मला कळणार नाही. बुधवारी याल का दुकानात?"

"हात दुखतोय," अण्णा म्हणाले.

"तोंड तर नाही ना दुखत?"

ते बुधवारी गेले. मग शुक्रवारीही गेले. आता ज्या दिवशी ते दुकानात जातात, त्या दिवशी मुलं टॅक्सीवालीकडे थांबतात, आणि तिला लॅबमधून अर्धा तास लवकर निघावं लागतं. अडचण झाली आहे, पण ती कुणी बोलून दाखवत नाही.

तिला वाटलं होतं, भिंत मोकळी झाली की जीव शांत होईल. झाला नाही. पहिले काही दिवस तर ती मोकळी भिंतच तिला बघवेना. एवढी मोठी जागा, आणि काहीतरी त्यातून हलून घराकडे आलं असेल असं वाटायचं. तिने ठरवलं, रोज बघायचं नाही. शनिवारी सकाळी एकदा, विजेरी आणि काठी घेऊन, ठरलेल्या आठ जागा. इतर दिवशी उशीकडे हात गेला की मागे घ्यायचा. कधी जमायचं, कधी नाही. भिंगरीला ती बरोबर न्यायला लागली. मुलगी आधी चार हात लांब उभी राहायची. तिसऱ्या शनिवारी तिने विजेरी मागितली.

"हे साधं आहे," एका कोपऱ्यात झोत टाकून ती म्हणाली. "हे तडतडत नाही."

"मग?"

"मग राहू दे."

शाळेच्या संडासात ती जायला लागली. दार उघडं ठेवून, बाहेर मैत्रिणीला पहाऱ्यावर उभी करून.

पुढच्या महिन्यात पलीकडच्या घरात नवीन बिऱ्हाड आलं. नवरा, बायको, तान्हं मूल. एके सकाळी नळाला पाणी भरताना तिने कुंपणावरून पाहिलं. त्यांच्या पडवीत आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेल्या कुंड्या एकात एक रचलेल्या होत्या, वीस-पंचवीस, आणि त्यांच्या शेजारी बाळाचे लंगोट वाळत घातलेले. ती बादली भरेपर्यंत तिथेच उभी राहिली. बादली भरली, वाहायला लागली. कुणाच्या घरात नाक खुपसायची तिला सवय नव्हती. नवीन माणसं, पहिलीच ओळख, आणि सांगायचं काय, तर कोळी. वेडी समजतील.

तिने नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले आणि पलीकडच्या दारावर टकटक केलं. बाळाला खांद्यावर थोपटत एक मुलगी दार उघडायला आली, झोप न झालेली, केस सुटलेले.

"मी शेजारी राहते," ती म्हणाली. "तुम्हाला घाबरवायला नाही आले. पण तुमच्या कुंड्यांबद्दल जरा बोलायचंय. आत्ता वेळ आहे का?"

मुलीने एकदा कुंड्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि दार पूर्ण उघडलं.